तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेचा इतिहास: दप्तर कुठे सापडते आणि ते वाचायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा: एका वैद्यकीय शाखेच्या अखिल भारतीय संघटनेला पंचाहत्तर वर्षे होत आहेत. मध्यवर्ती कार्यालय मुंबईत, म्हणून इतिहास लिहून काढायचे काम इथल्याच तिघा डॉक्टरांच्या गळ्यात पडले आहे. हाताशी आहेत माजी अध्यक्षांच्या नावांचा फलक, काही अधिवेशनांच्या स्मरणिका आणि कार्यालयातली दोन लोखंडी कपाटे. स्थापनेच्या वर्षावरूनच दोन मते आहेत. मुदत वर्षभराची. सुरुवात कुठून करायची?

कपाटांपासून. फलकाला सध्या हात लावू नका. अध्यक्षांचे फोटो आणि अधिवेशनांची गावे ओळीने छापली की ग्रंथ जाडजूड होतो, सत्कार समारंभही छान होतो, पण संघटना काय होती ते कोणाला कळत नाही. ते तीन गोष्टींवरून कळते: सभासद कोणाला होता येत होते, मत कोणाला होते आणि पैसा कुठून येत होता. याची उत्तरे घटनेच्या जुन्या प्रतींत, सभासद नोंदवहीत आणि ताळेबंदात असतात. भाषणांत नसतात.

आधी स्थापनेच्या वर्षाचे बघू, कारण तो वाद मिटल्याशिवाय समिती पुढे सरकणार नाही. दोन्ही बाजू बहुधा बरोबर असतात. त्या वेगवेगळ्या तारखांबद्दल बोलत असतात. पहिली अखिल भारतीय परिषद, संघटना स्थापन करण्याचा ठराव, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था म्हणून नोंदणी आणि त्यानंतर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदणी या चार तारखा वेगळ्या असू शकतात आणि त्यांत काही वर्षांचे अंतर पडू शकते. स्त्रीरोगतज्ज्ञांचे उदाहरण घ्या. मुंबईतली त्यांची स्थानिक संस्था १९३४ ची. पहिली अखिल भारतीय परिषद मद्रासला १९३६ साली भरली. पण फॉग्सी हा त्यांचा अखिल भारतीय महासंघ जन्माला आला ६ जानेवारी १९५० रोजी, मद्रासलाच भरलेल्या सहाव्या परिषदेत. म्हणजे परिषदेचा क्रमांक आणि महासंघाचे वय यांचा मेळ मुळातच बसत नाही. त्यात मधली काही वर्षे परिषद झालीच नाही. २०२५ ची मुंबईतली परिषद ६७ वी होती; वर्षाला एक असे धरून मागे मोजत गेलात तर १९५९ वर पोहोचता, आणि ते उत्तर कुठल्याच अर्थाने बरोबर नाही. अधिवेशनाच्या क्रमांकावरून वजाबाकी करून स्थापना वर्ष काढायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका.

बालरोगतज्ज्ञांच्या बाबतीत गुंता वेगळा आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स १९६३ ची, पण ती दोन संघटनांच्या विलीनीकरणातून झाली. त्यांतली असोसिएशन ऑफ पेडिअ‍ॅट्रिशियन्स ऑफ इंडिया १९५० ची, मुंबईच्या डॉ. जॉर्ज कोएल्हो यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेली. दुसरी, इंडियन पेडिअ‍ॅट्रिक सोसायटी, कलकत्त्याकडची. अशा वेळी दोन्ही घराण्यांचा इतिहास लिहावा लागतो. एकाच घराण्याचे कागद हाती असतील तर दुसऱ्याचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, आणि पुस्तक प्रकाशित झाल्यावर पहिले रागाचे पत्र तिकडूनच येते. त्वचारोगतज्ज्ञांची आजची संघटनाही १९७३ साली अशीच दोन संघटना एकत्र येऊन झाली आहे.

तिसरा प्रकार फुटून निघालेल्या संघटनांचा. शल्यचिकित्सकांची असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडिया १९३८ ची. भूलतज्ज्ञांची संघटना १९४७ मध्ये तिच्याच आधाराने उभी राहिली, अस्थिरोगतज्ज्ञांची १९५५ मध्ये, बालशल्यचिकित्सकांची १९६५ मध्ये. तुमची शाखा यांपैकी असेल तर पहिल्या काही वर्षांचे इतिवृत्त तुमच्या कपाटात मिळणारच नाही. ते मातृसंस्थेच्या दप्तरात ‘विभाग’ म्हणून पडलेले असते. पत्र लिहून परवानगी मागा आणि पहिल्याच महिन्यात मागा. उत्तर यायला वेळ लागतो.

यावर उपाय साधा आहे. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर सगळ्या तारखा, प्रत्येकीच्या पुढे ती कशाची तारीख आहे ते लिहून, छापा. अमृतमहोत्सव कुठल्या तारखेवरून धरायचा हे कार्यकारिणी ठरवील. तो लेखकांचा प्रश्न नाही.

संघटना कोणत्या प्रकारची आहे हेही सुरुवातीलाच नक्की करा. काही ठिकाणी डॉक्टर थेट मध्यवर्ती संघटनेचा सभासद असतो आणि शहर शाखा नंतर उघडते. काही ठिकाणी उलट: सभासद असते ती गावोगावची संस्था, आणि डॉक्टर तिच्यामार्फत. फॉग्सी दुसऱ्या प्रकारची, दोनशेहून अधिक स्थानिक संस्थांचा महासंघ. अशा महासंघाचे निम्मे दप्तर मध्यवर्ती कार्यालयात कधी आलेलेच नसते. नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या संस्थेचे सचिव बदलले की फायली नव्या सचिवाच्या दवाखान्यात जातात, आणि दवाखाना दुसऱ्या जागी हलला की रद्दीत. म्हणून स्थानिक संस्थांना परिपत्रक पाठवून काही होत नाही. त्या त्या शहरातल्या जुन्या सचिवांना फोन करा आणि कागद ‘द्या’ म्हणू नका, ‘स्कॅन करून परत देतो’ म्हणा. फरक पडतो.

मुंबईत नोंदलेल्या संस्थेची सर्वांत विश्वासार्ह फाइल संस्थेच्या कार्यालयात नसते, ती वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आल्यापासून अशा संस्थांना तिथे नोंदणी करावी लागते. संस्थेचा क्रमांक ‘एफ’ अक्षराने सुरू होतो. पाहणीचा अर्ज द्या, मग हव्या त्या कागदांच्या प्रमाणित प्रती मागा. मागायचे काय? नोंदणीचा मूळ अर्ज, त्याला जोडलेली उद्दिष्टपत्रिका आणि नियमावली, परिशिष्ट १ चा (आयुक्तांच्या नोंदवहीतल्या संस्थेच्या नोंदीचा) उतारा, आजवरचे सगळे चेंज रिपोर्ट (कार्यकारिणीतले बदल कळवणारे अर्ज) आणि सादर केलेले हिशेब. मूळ अर्जावर सुरुवातीच्या कार्यकारिणीची नावे, पत्ते आणि व्यवसाय असतात. गिरगाव, ह्यूजेस रोड, दादर असे पत्ते पाहून संघटना शहराच्या कोणत्या भागातल्या, कोणत्या हॉस्पिटलच्या मंडळींनी उभी केली ते कोणत्याही आठवणीपेक्षा स्पष्ट दिसते.

मात्र एक सावधगिरी बाळगा. कार्यकारिणी बदलली की याच कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो दिला तरी मंजूर व्हायला वर्षे जातात, आणि कोणी हरकत घेतली तर आणखी. परिणामी परिशिष्ट १ वर कधीच निवृत्त झालेले पदाधिकारी दिसत राहतात. फलकावरची यादी आणि सरकारी यादी जुळली नाही म्हणून घाबरू नका. इतिवृत्तातील निवडीची तारीख प्रमाण माना. जिथे चेंज रिपोर्टला हरकत आलेली दिसेल ती फाइल मात्र आवर्जून वाचा. त्या वर्षी निवडणुकीत काय झाले ते तिथे दोन्ही बाजूंनी शपथेवर लिहिलेले असते.

आता इतिवृत्ताच्या वह्या. भाषा इंग्रजी असली तरी साचा आपल्याकडच्या कोणत्याही संस्थेचा असतो तोच. पहिला विषय: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. नवखा वाचक हा विषय ओलांडून पुढे जातो, आणि चूक तिथेच होते. आधीच्या सभेचा ठराव वादग्रस्त असेल तर त्याची शब्दरचना पुढच्या सभेत, याच पहिल्या विषयाखाली, बदललेली असते: एखादा शब्द गाळलेला, ‘एकमताने’च्या जागी ‘बहुमताने’, कोणाचा तरी विरोध नोंदवून घेतलेला. म्हणून कोणताही ठराव उद्धृत करण्याआधी त्यापुढच्या सभेचे पहिले पान पाहायचे. वहीत टंकलिखित पाने डिंकाने चिकटवलेली असतील तर कडेला अध्यक्षांची आद्याक्षरे आहेत का, पान नंतर बदलले आहे का, तेही पाहा. दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे शेवटचा विषय, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. भांडणे तिथे असतात. सूचक आणि अनुमोदक यांची नावे तक्त्यात उतरवत गेलात तर दहा-बारा वर्षांत कोणते गट होते ते आपोआप उमटते.

कागदाची हाताळणी हे वेगळेच काम आहे, आणि मुंबईत ते हवामानावर अवलंबून आहे. शक्य असेल तर कपाटे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उघडा. पावसाळ्यात फुगलेली पाने एकमेकांना चिकटतात आणि ओढली की वरचा थर निघतो. ओल आली म्हणून वह्या गच्चीवर उन्हात टाकू नका. पंख्याखाली, पानांत साधा टिपकागद घालून, सावलीत वाळवा. कसर लागलेली फाइल बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. गंजलेल्या स्टेपल पिना ओढून काढायच्या नाहीत. पिनेच्या आणि कागदाच्या मध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, मागची टोके चपट्या पात्याने सरळ करा आणि मग ती वर उचला. गंज कागदात उतरलेला असेल तर भोवतीचा तुकडा येणारच, तो लहान ठेवायचा एवढेच आपल्या हाती. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही बंद. तळमजल्यावरची कितीतरी कार्यालये २६ जुलै २००५ च्या पुरात बुडाली. तुमच्या कागदांत त्या सुमाराची पोकळी असेल तर आधी तिकडे शंका घ्या.

१९९० च्या दशकातले फॅक्स सर्वांत आधी स्कॅन करा. तो थर्मल, म्हणजे उष्णतेने अक्षरे उमटणारा कागद आहे, अक्षरे उडत चालली आहेत आणि काही ठिकाणी उडून गेलीही असतील. मजकुराला ३०० डीपीआय पुरते, फोटोंना ६००. मूळ प्रत टिफमध्ये, रोजच्या वापराला पीडीएफ. बांधीव वही सपाट स्कॅनरवर दाबू नका, पाठ तुटते. वरून कॅमेरा लावून पाने घ्या. स्वयंचलित फीडरमध्ये जुना कागद घालणे म्हणजे तो श्रेडरमध्ये घालण्याची रंगीत तालीमच. फाइलचे नाव वर्षापासून सुरू करा, मग महिना, दिवस, सभेचा प्रकार, पान क्रमांक. म्हणजे संगणक स्वतःच कालक्रम लावतो. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक कार्यालयाबाहेर. फोटोच्या पाठीवर नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत, बॉलपेनने नव्हे, आणि ‘डावीकडून’ असे लिहून उभे राहिलेले व बसलेले वेगळे करावेत.

नियतकालिक हा दुसरा मोठा साठा, पण त्यातही फसगत होते. नियतकालिक संघटनेपेक्षा जुने असू शकते. त्वचारोगतज्ज्ञांचे आजचे जर्नल मुंबईत डॉ. यू. बी. नारायणराव यांनी १९३५ साली गुप्तरोगांवरचे नियतकालिक म्हणून सुरू केले होते. नावे बदलत ते संघटनेकडे आले. बालरोगशास्त्रात तर नावांचा घोटाळा ठरलेला: ‘इंडियन जर्नल ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स’ कलकत्त्याला डॉ. के. सी. चौधुरी यांनी १९३३ मध्ये काढले, आणि ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’ हे अकॅडमीचे मुखपत्र १९६४ पासूनचे, दोन जुनी नियतकालिके एकत्र करून काढलेले. एकाचा खंड क्रमांक दुसऱ्याला लावला की तळटीप कायमची चुकते. जर्नल वाचताना संशोधनाचे लेख सोडा. संपादकीय, संघटनेच्या बातम्या, शोकप्रस्ताव आणि जाहिराती वाचा. मात्र वाचनालयात बांधणी करताना जाहिरातींची पाने आणि मुखपृष्ठे काढून टाकायची पद्धत होती, म्हणून बांधीव खंडांवर विसंबू नका. जुन्या डॉक्टरांच्या घरचे सुटे अंक मिळवा. कोणत्या औषध कंपनीने मागचे पान किती वर्षे धरून ठेवले होते हे त्यांतच दिसते.

स्वातंत्र्यापूर्वीच्या सरकारी पत्रव्यवहारासाठी काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेखागार, वर्तमानपत्रांसाठी टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. शोधताना ‘बॉम्बे’ आणि ‘मुंबई’ दोन्ही घाला.

सभासदत्वाचे प्रकरण सर्वांत मोलाचे, आणि बहुतेक स्मरणग्रंथांत ते नसतेच. ‘तज्ज्ञ’ कोण, हे संघटनेने कधी आणि कसे ठरवले? परळच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची स्थापना १९१२ ची. तिथल्या पदविका घेऊन मुंबई आणि जिल्ह्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या लोकांनी त्या त्या शाखेची प्रॅक्टिस केली. विद्यापीठाची एमडी असलेले, पदविकाधारक आणि विलायतेहून परीक्षा देऊन आलेले असे तीन थर जवळपास प्रत्येक शाखेत होते. घटनेच्या प्रत्येक आवृत्तीतला सभासदत्वाचा नियम एकाखाली एक लिहा: पूर्ण सभासद कोण, सहयोगी कोण, मत कोणाला नाही. पदविकाधारकांना मत कधी मिळाले, पदव्युत्तर विद्यार्थी कधी आत आले, परदेशस्थ कधी बाहेर गेले, हाच शाखेच्या वाढीचा खरा आलेख. स्त्रियांचे प्रमाणही याच वहीतून काढा. मुंबईत कामा हॉस्पिटल १८८६ पासून आहे, डॉक्टर स्त्रियांची अखिल भारतीय संघटना १९०७ ची; तेव्हा ‘त्या काळी स्त्री डॉक्टर होत्याच कुठे’ हे वाक्य छापायच्या आधी नोंदवही उघडा.

संघटनेची फेलोशिप आणि नोंदणीयोग्य पदवी यांतही गल्लत करू नका. अर्हतेला मान्यता देणे हे संघटनेचे काम कधीच नव्हते. ते आधी मेडिकल कौन्सिलचे होते, २५ सप्टेंबर २०२० पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे आहे. संघटना देते तो सन्मान. जुन्या स्मरणिकांत हा फरक सोयीस्करपणे पुसलेला असतो.

सभासदसंख्येचे आकडे छापताना जपून. वार्षिक वर्गणी असेपर्यंत न भरणाऱ्याचे नाव कमी होत असे, म्हणून संख्या खरी होती. आजीव सभासदत्व आले आणि नाव निघायचे कारणच संपले. मृत सभासदही मोजले जातात, त्यांच्या नावाने टपाली मतपत्रिकाही जात राहतात. म्हणून वार्षिक ते आजीव हा बदल ज्या वर्षी झाला तिथे आलेखात उभी रेघ मारा. आजीव वर्गणी कायम निधीत गेली की चालू खर्चात, तेही ताळेबंदात बघा. चालू खर्चात गेली असेल तर पुढची काही वर्षे संघटना अधिवेशनाच्या शिल्लकेवर जगली असणार, आणि अधिवेशन कोणत्या शहराला द्यायचे यावर एवढी रस्सीखेच का होती हेही उलगडते.

औषध कंपन्यांच्या पैशाचा विषय टाळू नका, पण तारखा नीट लावा. डिसेंबर २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने आचारसंहितेत ६.८ हे कलम घालून भेटवस्तू आणि प्रवासखर्च घेण्यावर बंदी आणली. त्यात डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटनांचाही उल्लेख होता. १ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने संघटनांचा उल्लेख वगळला. या दोन तारखांच्या आधीचे, मधले आणि नंतरचे अधिवेशनाचे हिशेब शेजारी ठेवून वाचा आणि जे दिसेल ते आकड्यांत लिहा. विशेषणे लागत नाहीत.

संघटना कायद्याशी कुठे भिडली ते न्यायालयाच्या निकालांत मिळते. स्त्रीरोगतज्ज्ञांपुरते सांगायचे तर गर्भपाताच्या प्रश्नावरची १९६४ ची शांतिलाल शाह समिती आणि १९७१ चा गर्भपाताचा कायदा, गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये केलेला देशातला पहिला कायदा, १९९४ चा केंद्रीय कायदा हे टप्पे आहेत. या कायद्याखाली गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या वेळी भरायच्या ‘एफ’ फॉर्ममधल्या लेखनिकी चुकांनाही फौजदारी शिक्षा लागू होते, ही तक्रार घेऊन फॉग्सी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ३ मे २०१९ रोजी याचिका फेटाळली गेली. संघटनेच्या गौरवग्रंथात असा निकाल येत नाही. इतिहासात यायला हवा, संघटनेचे म्हणणे आणि न्यायालयाचे म्हणणे दोन्हीसकट.

ज्येष्ठांच्या मुलाखती कागद वाचून झाल्यावरच घ्या. ‘त्या काळाबद्दल सांगा सर’ म्हटले की ऐंशीच्या घरातले सर प्रत्येकाला सांगतात तेच सांगणार. त्याऐवजी अधिवेशनाचा गटफोटो किंवा एखादा ठराव पुढे ठेवा आणि नेमके विचारा: हा ठराव कोणी लिहून आणला, मतदान हात वर करून झाले का, खजिनदार कोण होते. वर्षे आठवत नाहीत. पण हाऊसमनशिप (हॉस्पिटलातली उमेदवारी) कधी, एमडीची परीक्षा कधी, हे पक्के आठवते. त्याच्या आधी की नंतर असे विचारत गेलात की तारीख हाती लागते. एका बैठकीला तास-दीड तास पुरे, लेखी संमती आधीच. एकट्याच्या तोंडून आलेली गोष्ट कागदाशी जुळली नाही तर ‘अमुक यांच्या आठवणीप्रमाणे’ असे म्हणूनच छापा.

रुग्णांची ओळख पटेल असे काही छापू नका. जुन्या स्लाइड्सवर डोळ्यांवर काळी पट्टी असली तरी ती पुरेशी नाही, आणि सभासदांविरुद्धच्या तक्रारींच्या फायलींत रुग्णांची नावे सरळ लिहिलेली असतात. त्या फायली स्कॅन करा, पण वेगळ्या ठेवा.

वर्षभराची वाटणी साधारण अशी करा: पहिले चार महिने स्कॅनिंग आणि यादी, वरळीचे अर्ज पहिल्याच आठवड्यात, पुढचे तीन वाचन आणि तक्ते, दोन मुलाखती, उरलेल्या तिनांत लेखन, तपासणी, छपाई. घसरते ते शेवटी, नावांच्या सूचीपाशी. एकच माणूस इतिवृत्तात आद्याक्षरांनी, जर्नलमध्ये पूर्ण नावाने आणि सरकारी फाइलमध्ये वेगळ्याच स्पेलिंगने येतो. आणि पुरंदरे किंवा देसाई एकाच शाखेत तिघे-चौघे असतात. म्हणून पहिल्या दिवसापासून नावांचे एकच कोष्टक ठेवा: नाव, सगळी स्पेलिंगे, पदवी, गाव, हॉस्पिटल. पाने जुळवून झाल्यावर सूची करायला घ्याल तर तीन आठवडे त्यातच जातील, आणि तोवर प्रकाशनाचे सभागृह ठरलेले असेल.